एडवर्ड एल्गर : मित्राच्या पत्रांतून पूर्ण झालेले श्रद्धासंगीत

मरणासन्न व्यक्तीच्या उशाशी बसून घरच्या माणसांनी म्हटलेल्या प्रार्थना आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकल्या आहेत. धर्मगुरू येतात, रुग्णाला पवित्र तेलाचा अभ्यंग करतात, ख्रिस्तशरीर देतात आणि अखेरीस त्या आत्म्याला या जगातून निर्भयपणे निघण्यास सांगणारी ख्रिस्तसभेची प्राचीन प्रार्थना म्हणतात. या प्रार्थनेभोवती गुंफलेली एक भव्य संगीतरचना ३ ऑक्टोबर १९०० रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात प्रथम सादर झाली. ‘द ड्रीम ऑफ जेरॉन्शियस’, म्हणजेच ‘जेरॉन्शियसचे स्वप्न’, हे तिचे नाव. मूळ काव्य कार्डिनल जॉन हेन्री न्यूमन यांचे, तर संगीत एडवर्ड एल्गर यांचे.

एल्गर हे इंग्लंडच्या सर्वश्रेष्ठ संगीतकारांपैकी एक मानले जातात. ते कॅथोलिक होते आणि बर्मिंगहॅम विद्यापीठाचे पहिले संगीत प्राध्यापकही होते. या गोष्टी अनेकांना ठाऊक असतात. तथापि ‘जेरॉन्शियस’मधील सर्वांत गंभीर क्षण, म्हणजे आत्म्याला परमेश्वराचे ओझरते दर्शन घडते तो क्षण, एल्गर यांनी आरंभी लिहिलेलाच नव्हता, हे फार थोड्यांना माहीत असते. एका मित्राने पत्रामागून पत्र लिहून त्यांच्याकडून तो लिहून घेतला. एल्गर यांच्या जीवनाचा आणि या पत्रव्यवहाराचा परिचय आम्ही प्रस्तुत लेखात वाचकांना करून देत आहोत.

वाद्यांच्या दुकानातील विद्यार्थी

एडवर्ड विल्यम एल्गर यांचा जन्म २ जून १८५७ रोजी वूस्टर शहराजवळील लोअर ब्रॉडहीथ या खेड्यात झाला. सात भावंडांत त्यांचा क्रमांक चौथा. वडील विल्यम हे पियानोचे सूर जुळवून देण्याचा व्यवसाय करीत आणि वूस्टरमध्ये त्यांचे वाद्यांचे व संगीतपुस्तकांचे दुकान होते. याशिवाय शहरातील सेंट जॉर्ज या कॅथोलिक चर्चमध्ये ते ऑर्गन वाजवीत असत. गंमत अशी की, वडिलांना त्या उपासनेविषयी फारशी आस्था नव्हती. त्यांच्या दृष्टीने ती नोकरी होती. आई अ‍ॅन यांनी मात्र त्या चर्चमध्ये जाता जाता कॅथोलिक श्रद्धा मनापासून स्वीकारली आणि मुलांना त्याच श्रद्धेत वाढविले.

त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथोलिक असणे म्हणजे समाजाच्या कडेला राहणे होते. एल्गर यांच्या जन्मापूर्वी अवघी अठ्ठावीस वर्षे, म्हणजे १८२९ साली, कॅथोलिकांना पार्लमेंटमध्ये बसण्याचा हक्क मिळाला होता. त्यात दुकानदाराचा मुलगा असणे ही दुसरी अडचण. संगीतशिक्षणासाठी जर्मनीतील लाइप्झिग येथे जाण्याची एडवर्ड यांची इच्छा होती. परंतु तेवढे पैसे घरात नव्हते. पंधराव्या वर्षी शाळा सुटली आणि ते एका वकिलाच्या कचेरीत कारकून म्हणून रुजू झाले. तेथे ते फार काळ रमले नाहीत. वडिलांच्या दुकानातील पुस्तके वाचून, चर्चमध्ये ऑर्गन ऐकून आणि स्थानिक वाद्यवृंदांत व्हायोलिन वाजवून त्यांनी संगीताचा अभ्यास स्वतःच केला. कोणत्याही संगीत महाविद्यालयाची पायरी ते विद्यार्थी म्हणून चढले नाहीत.

१८७९ पासून पाच वर्षे त्यांनी पॉविक येथील मनोरुग्णालयातील कर्मचाऱ्यांच्या वाद्यवृंदाचे संचालन केले. रुग्णांच्या नृत्यासाठी ते छोट्या छोट्या रचना करून देत. १८८५ साली वडिलांच्या जागी ते सेंट जॉर्ज चर्चचे ऑर्गनवादक झाले. आपल्याकडील गायनमंडळांना परिचित असलेले त्यांचे ‘आवे वेरुम कॉर्पुस’ हे भक्तिगीत याच काळातील आहे. ज्या वकिलाकडे त्यांनी कारकुनी केली होती, त्यांच्या निधनानंतर १८८७ साली एल्गर यांनी ‘पिए येसू’ या शब्दांसाठी ही चाल बांधली. पुढे शब्द बदलून १९०२ साली ती प्रसिद्ध झाली.

भूजमध्ये जन्मलेली सहचारिणी

१८८६ साली कॅरोलाइन अ‍ॅलिस रॉबर्ट्स या एल्गर यांच्याकडे संगीत शिकण्यासाठी येऊ लागल्या. त्यांचा जन्म १८४८ साली आपल्या शेजारच्या गुजरातमधील कच्छच्या भूज येथे झाला होता. वडील हेन्री रॉबर्ट्स हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील अधिकारी होते. सेनानीची मुलगी, वयाने आठ वर्षांनी मोठी, अँग्लिकन पंथाची. आणि शिक्षक मात्र दुकानदाराचा मुलगा व कॅथोलिक! नातलगांनी या विवाहास कडाडून विरोध केला. तरीही ८ मे १८८९ रोजी लंडनच्या ब्रॉम्प्टन ओरेटरी या कॅथोलिक चर्चमध्ये त्यांचा विवाह झाला. १८९३ साली अ‍ॅलिस यांनीही कॅथोलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला.

अ‍ॅलिस स्वतः कविता व कादंबरी लिहीत असत. पतीच्या अंगचे गुण ओळखून त्यांनी आपले लेखन मागे ठेवले. खर्च वाचावा म्हणून पाच टोकांची लेखणी घेऊन त्या साध्या कागदावर स्वरलेखनाच्या रेषा आखून देत.

या विवाहाच्या वेळी वूस्टरच्या फादर नाइट यांनी एल्गर यांना एक पुस्तक भेट दिले. ते होते न्यूमन यांचे ‘जेरॉन्शियसचे स्वप्न’. १८८५ साली खार्टुम येथे मारले गेलेले जनरल गॉर्डन यांनी आपल्या प्रतीत ज्या ओळी अधोरेखित केल्या होत्या, त्या खुणाही या प्रतीत उतरविलेल्या होत्या. एल्गर यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे हे काव्य अनेक वर्षे त्यांच्या मनात मुरत राहिले.

येगर नावाचा मित्र

१८९० साली लंडनच्या नोव्हेलो या संगीत प्रकाशन संस्थेत ऑगस्ट येगर नावाचे तरुण जर्मन गृहस्थ नोकरीला लागले. १८६० साली ड्युसेलडॉर्फ येथे जन्मलेले येगर वयाच्या अठराव्या वर्षी इंग्लंडमध्ये आले होते. प्रकाशनासाठी येणाऱ्या रचनांवर देखरेख ठेवणे, छपाई तपासणे, संगीतकारांशी पत्रव्यवहार करणे हे त्यांचे काम. १८९७ च्या सुमारास एल्गर यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत कचेरीच्या पत्रांचे रूपांतर मैत्रीच्या पत्रांत झाले.

ही पत्रे वाचताना एल्गर यांचा खरा स्वभाव दिसतो. छायाचित्रांत मोठ्या मिशांचे, ताठ मानेचे सद्गृहस्थ दिसणारे एल्गर पत्रांत मात्र शब्दांशी खेळतात, मुद्दाम चुकीचे शुद्धलेखन करतात, कोपऱ्यांत चित्रे काढतात, मध्येच स्वररचनेच्या दोन ओळी लिहितात. पुढच्याच पत्रात ते खचलेले असतात : पैसे पुरत नाहीत, कोणाला आपले संगीत नको आहे, सर्व सोडून द्यावेसे वाटते. येगर या दोन्ही मनःस्थितींना उत्तर देत. ते केवळ स्तुती करीत नसत. आवडले नाही तर तसे स्पष्ट लिहीत आणि का आवडले नाही याची कारणेही देत.

२४ ऑक्टोबर १८९८ रोजी एल्गर यांनी येगर यांना एक बातमी कळविली. एका मूळ धूनेवर आपण अनेक रूपांतरे रचीत असून प्रत्येक रूपांतर एकेका मित्राच्या स्वभावावर आहे, त्यांतील ‘निम्रोद’ म्हणजे तुम्ही, असे त्यांनी लिहिले. जर्मन भाषेत ‘येगर’ म्हणजे शिकारी. आणि बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकात निम्रोद हा बलवान शिकारी म्हणून ओळखला जातो. ‘एनिग्मा व्हेरिएशन्स’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या या रचनेत चौदा रूपांतरे आहेत. पहिले अ‍ॅलिस यांचे, नववे निम्रोदचे आणि अखेरचे स्वतः एल्गर यांचे. एकदा एल्गर निराश झाले असताना येगर यांनी त्यांना बेथोव्हनच्या यातनांची आठवण करून दिली होती. इतक्या दुःखातही त्याने अधिकाधिक सुंदर रचना केल्या, हे सांगितले होते. ‘निम्रोद’चे संथ, गंभीर संगीत हे त्या मैत्रीचे स्मारक आहे.

१९ जून १८९९ रोजी लंडनमध्ये हान्स रिश्टर यांच्या संचालनाखाली ही रचना सादर झाली आणि बेचाळीस वर्षांचे एल्गर एकाएकी प्रसिद्ध झाले. येगर मात्र समाधानी नव्हते. शेवट घाईने उरकल्यासारखा वाटतो, असे त्यांनी कळविले. एल्गर यांनी प्रथम नकार दिला, नंतर विचार केला आणि शेवटाचा भाग वाढवून लिहिला. आज सर्वत्र वाजविला जातो तो हाच वाढविलेला शेवट.

परमेश्वरासमोरील एक क्षण

१९०० च्या आरंभी बर्मिंगहॅमच्या संगीत महोत्सवासाठी ‘जेरॉन्शियस’ रचण्याचे निश्चित झाले. बर्मिंगहॅम ही न्यूमन यांची कर्मभूमी. अँग्लिकन धर्मगुरू असलेल्या न्यूमन यांनी ९ ऑक्टोबर १८४५ रोजी कॅथोलिक ख्रिस्तसभेत प्रवेश केला, बर्मिंगहॅम येथे ओरेटरीची स्थापना केली आणि १८९० साली तेथेच त्यांचे निधन झाले. प्रस्तुत काव्य त्यांनी १८६५ साली लिहिले होते. न्यूमन यांना २०१९ साली संतपद बहाल करण्यात आले आणि २०२५ साली त्यांना ख्रिस्तसभेचे धर्मपंडित म्हणून घोषित करण्यात आले.

काव्याचा विषय आपल्या श्रद्धेच्या गाभ्याशी भिडणारा आहे. जेरॉन्शियस या नावातच वृद्धत्व आहे. तो मरणशय्येवर आहे, भयभीत आहे. मित्र त्याच्यासाठी प्रार्थना करतात, धर्मगुरू त्याच्या आत्म्याला निरोप देतात. येथे पहिला भाग संपतो. दुसऱ्या भागात आत्म्याला आपला रक्षक दूत भेटतो. वाटेत सैतानांचा कोलाहल ऐकू येतो, देवदूतांचे स्तुतिगान ऐकू येते आणि अखेर आत्मा न्यायासनासमोर येतो. परमेश्वराचे दर्शन क्षणभर घडते. त्या पावित्र्यासमोर आपली मलिनता जाणवून आत्मा स्वतःच शुद्धिस्थानात नेण्याची विनंती करतो. देवदूत त्याला हळुवारपणे शुद्धिस्थानाच्या जळात सोडतो आणि पुन्हा न्यायला येण्याचे आश्वासन देतो. मूळ काव्याच्या सुमारे निम्म्या ओळी एल्गर यांनी संगीतासाठी निवडल्या.

त्या वर्षी मॉल्व्हर्नच्या टेकड्यांजवळ राहून एल्गर हस्तलिखिताचे भाग जसजसे पूर्ण होत तसतसे येगर यांना टपालाने पाठवीत होते. येगर भारावून गेले होते. परंतु जून महिन्यात दर्शनाचा प्रसंग हाती आला तेव्हा ते थबकले. एल्गर यांनी तो क्षण जवळजवळ टाळला होता. वाद्यवृंदाने काहीच विशेष न सांगता आत्म्याची विनवणी सुरू होत होती. येगर यांनी लिहिले की, संपूर्ण काव्य ज्या क्षणाकडे चालले आहे, त्याच क्षणी तुम्ही मागे हटला आहात. वाग्नरसारख्या संगीतकाराने येथेच आपले सर्वस्व ओतले असते.

एल्गर यांचा नकार हा आळसाचा नव्हता. परमेश्वराचे मुख संगीतात दाखविण्याचे धाडस कोणी करावे? ते दाखविता येत नाही, दाखवूही नये, असे त्यांना वाटत होते. श्रद्धाळू माणसाचा हा संकोच आपण समजू शकतो. येगर यांनी त्याचा अनादर केला नाही. परंतु प्रश्न वेगळ्या शब्दांत मांडला. परमेश्वराचे चित्र काढा असे माझे म्हणणे नाही, आत्म्याला त्या एका क्षणी काय वाटले ते ऐकू येऊ द्या, असा त्यांच्या सांगण्याचा मथितार्थ होता. पत्रे जात राहिली, येत राहिली. एल्गर चिडले, हटून बसले. येगर यांनी कधी विनवणी केली, तर कधी मुद्दाम डिवचले.

शेवटी एल्गर यांनी तो भाग नव्याने लिहिला. स्वर हळूहळू चढत जातात आणि मग एकच प्रचंड आघात होतो. त्या एका क्षणापुरते प्रत्येक वाद्याने आपल्या संपूर्ण शक्तीनिशी वाजावे, अशी सूचना त्यांनी हस्तलिखितात केली. आघातानंतर लगेच वाद्ये ओसरतात आणि आत्म्याचा आर्त स्वर उमटतो. दर्शन एवढेच, डोळे दिपवून नाहीसे होणारे. ही रचना ऐकणाऱ्याच्या स्मरणात जो क्षण सर्वाधिक राहतो, तो हाच. ३ ऑगस्ट १९०० रोजी रचना पूर्ण झाली. परमेश्वराच्या अधिक गौरवासाठी या अर्थाची चार लॅटिन आद्याक्षरे एल्गर यांनी आरंभी लिहिली; तीच त्यांची अर्पणपत्रिका.

अपयश आणि कडवट पत्र

परंतु पहिला प्रयोग फसला. गायनवृंदाचे कुशल शिक्षक जून महिन्यातच निधन पावले होते. त्यांच्या जागी आलेल्या वृद्ध शिक्षकांना या संगीताविषयी ममत्व नव्हते. छापील प्रती उशिरा आल्या आणि तालमी अपुऱ्या पडल्या. संचालक रिश्टर यांनाही संपूर्ण स्वरलेखन फार उशिरा मिळाले. प्रत्यक्ष कार्यक्रमात गायनवृंद सूर सोडून गाऊ लागला.

सहा दिवसांनी, ९ ऑक्टोबर रोजी, एल्गर यांनी येगर यांना पत्र लिहिले. न्यूमन यांच्या कॅथोलिक ख्रिस्तसभेतील प्रवेशाची हीच तारीख असावी, हा केवळ योगायोग. पत्रात मात्र श्रद्धेचा लवलेश नव्हता. चाळीस वर्षे कष्ट केल्यावरही दैवाने आपले संगीत नीट ऐकू दिले नाही. देव कलेच्या विरोधात आहे असे आपण नेहमीच म्हणत आलो आहोत. एकदाच आपण आपले हृदय उघडले होते, आता ते प्रत्येक धार्मिक भावनेसाठी कायमचे बंद झाले आहे, अशा आशयाचे ते पत्र होते.

परमेश्वराच्या गौरवासाठी म्हणून ज्या हाताने ऑगस्टमध्ये लिहिले, त्याच हाताने ऑक्टोबरमध्ये हे लिहिले. आम्हांला हे पत्र धक्कादायक वाटते, पण परके वाटत नाही. आजारी मुलासाठी केलेली प्रार्थना फळली नाही म्हणून चर्चची वाट सोडलेली माणसे आपण पाहिलेली आहेत. जुन्या करारातील ईयोबही असेच बोलला होता.

येगर यांनी मित्राला सोडले नाही. त्यांनी कामाला सुरुवात केली. ‘जेरॉन्शियस’चे मर्म समजावून सांगणारी एक पुस्तिका त्यांनी लिहिली. त्यांच्या जन्मगावचे संगीतसंचालक युलियस बुट्स हे बर्मिंगहॅमच्या फसलेल्या प्रयोगाला उपस्थित होते. त्या गोंधळातूनही त्यांना रचनेची थोरवी कळली होती. त्यांनी शब्दांचे जर्मन भाषांतर केले आणि १९ डिसेंबर १९०१ रोजी ड्युसेलडॉर्फ येथे रचना यशस्वीपणे सादर झाली. मे १९०२ मध्ये तेथे ती पुन्हा झाली, तेव्हा रिखार्ड श्ट्राउस यांनी एल्गर यांचा जाहीर गौरव केला. मग इंग्लंडलाही जाग आली. त्याच वर्षी वूस्टरच्या अँग्लिकन कॅथीड्रलमध्ये ती सादर झाली. मात्र पवित्र मरिया व शुद्धिस्थान यांविषयीच्या कॅथोलिक शब्दांना कात्री लावूनच! ६ जून १९०३ रोजी, अद्याप विधिपूर्वक समर्पित न झालेल्या लंडनच्या वेस्टमिन्स्टर कॅथीड्रल या कॅथोलिक मंदिरात लंडनकरांनी ती प्रथम ऐकली. मूळ हस्तलिखित एल्गर यांनी न्यूमन यांच्या बर्मिंगहॅम ओरेटरीला अर्पण केले.

प्राध्यापकाची खुर्ची

१९०४ साली एल्गर यांना ‘सर’ ही पदवी मिळाली. त्याच वर्षी रिचर्ड पेटन नावाच्या दानशूर गृहस्थांनी बर्मिंगहॅम विद्यापीठाला संगीताच्या अध्यासनासाठी दहा हजार पौंड देऊ केले. अट एकच : पहिले प्राध्यापक एल्गर असावेत. विद्यापीठात कधीही न शिकलेल्या माणसाला हा मान मिळाला. एल्गर बिचकत होते, तरी त्यांनी होकार दिला.

१६ मार्च १९०५ रोजी त्यांचे पहिले व्याख्यान झाले. विषय होता इंग्लिश संगीताचे भवितव्य. गेल्या पंचवीस वर्षांतील इंग्लिश रचनांना परदेशी मान का मिळाला नाही, याची त्यांनी परखड चिकित्सा केली. परकीयांचे अनुकरण सोडून आपल्या भूमीतून, मोकळ्या हवेतून येणारे निरोगी संगीत तरुणांनी रचावे, असे त्यांनी आवाहन केले. पुढील व्याख्यानांत त्यांनी ब्राम्सच्या तिसऱ्या सिंफनीचे व मोत्सार्टच्या एका सिंफनीचे विवेचन केले, तसेच समीक्षकांवरही टीका केली. वृत्तपत्रांनी वाक्ये उचलून वाद माजविला. केंब्रिजचे संगीत प्राध्यापक चार्ल्स स्टॅनफर्ड यांच्यासारखे ज्येष्ठ संगीतकार दुखावले गेले. एल्गर यांना व्याख्यानांचा इतका ताण येऊ लागला की, १९०८ साली त्यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी ग्रॅनव्हिल बँटॉक आले.

येथे एक तुलना सहज मनात येते. व्यासपीठावरून एल्गर यांनी दुसऱ्यांना कटू सत्य सांगितले आणि त्यातून वैर निर्माण झाले. पत्रांतून येगर यांनी एल्गर यांना कटू सत्य सांगितले आणि त्यातून संगीत निर्माण झाले. सत्य दोन्हीकडे होते. परंतु येगर यांनी ते एका माणसाला, खाजगीत, त्याच्या कामावरील प्रेमापोटी सांगितले होते.

मित्राचा निरोप

येगर यांना क्षयरोगाने गाठले. ते उपचारासाठी स्वित्झर्लंडमधील दावोस येथे जाऊन राहिले. आता पत्रांची दिशा बदलली; धीर देण्याची पाळी एल्गर यांची होती. डिसेंबर १९०८ मध्ये एल्गर यांची पहिली सिंफनी मँचेस्टरनंतर लंडनला सादर झाली, तेव्हा अत्यवस्थ येगर क्वीन्स हॉलमध्ये ती ऐकण्यास हजर होते. श्रोत्यांचा तो उत्साह आपण आयुष्यात पाहिला नव्हता, असे त्यांनी एका स्नेह्याला कळविले. १८ मे १९०९ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. पुढील जानेवारीत त्यांच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमात एल्गर यांनी स्वतः वाद्यवृंदाचे संचालन केले.

७ एप्रिल १९२० रोजी अ‍ॅलिसही गेल्या. लिटल मॉल्व्हर्न येथील सेंट वुल्स्टन या कॅथोलिक चर्चच्या आवारात त्यांचे दफन झाले. त्यानंतर एल्गर यांच्या हातून मोठी रचना पूर्ण झाली नाही. बायबलमधील प्रेषितांच्या जीवनावर तीन भव्य रचना करण्याचा त्यांचा संकल्प होता. त्यांपैकी ‘द अपॉसल्स’ १९०३ साली आणि ‘द किंगडम’ १९०६ साली सादर झाल्या होत्या. तिसरी अपुरीच राहिली. कर्करोगाने २३ फेब्रुवारी १९३४ रोजी त्यांचे निधन झाले. मरणोत्तर जीवनावर आपला विश्वास उरला नाही, असे त्यांनी अखेरच्या आजारात सांगितल्याचे त्यांना तपासणाऱ्या एका डॉक्टरांनी पुढे नमूद केले. त्यांचे दफन अ‍ॅलिस यांच्या शेजारी, त्याच कॅथोलिक भूमीत झाले.

ही पत्रे आपल्याला काय सांगतात?

एल्गर व येगर यांची बरीच पत्रे १९६५ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि १९८७ साली प्रकाशकांशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार दोन खंडांत आला. एल्गर यांचा कडवटपणा झाकून त्यांना आदर्श भक्त म्हणून उभे करणे आता शक्य नाही, आणि तशी गरजही नाही. त्यांची श्रद्धा खरी होती आणि त्यांचा संशयही खरा होता. जेरॉन्शियस हा संत नव्हे, मरणाला भ्यालेला सामान्य माणूस आहे. असा माणूस एल्गर यांना आतून कळला होता, म्हणूनच त्याची प्रार्थना त्यांच्या संगीतात इतकी खरी उतरली.

आपल्या धर्मग्रामांतही प्रतिभावान गायक, वादक, लेखक आहेत. त्यांची तोंडभर स्तुती करणारे पुष्कळ भेटतात. मागे टीका करणारेही भेटतात. समोर बसून, काम मनापासून समजून घेऊन, ‘येथे तुम्ही मागे हटलात, पुन्हा प्रयत्न करा,’ असे म्हणणारा आणि अपयशानंतरही सोबत राहणारा विरळा. जेरॉन्शियसच्या उशाशी मित्र प्रार्थना करीत होते. एल्गर यांची प्रार्थना करण्याची शक्ती संपली, तेव्हा येगर यांनी त्यांची रचना जगासमोर पोहोचविली. दोन्ही ठिकाणी एकाचे दुबळेपण दुसऱ्याने उचलून धरले आहे. संतांच्या समागमावर आमचा विश्वास आहे, असे आपण दर रविवारी म्हणतो. त्याचा एक अर्थ हाही असावा.

दरवर्षी नोव्हेंबरमध्ये लंडनच्या सेनोटॅफ या स्मारकापाशी युद्धात मरण पावलेल्या ब्रिटिश सैनिकांना मानवंदना दिली जाते, तेव्हा ‘निम्रोद’ची धून वाजते. ज्या युद्धात इंग्लंड व जर्मनी एकमेकांविरुद्ध लढले, त्यांतील मृतांसाठी वाजणारे ते संगीत एका जर्मन मित्राच्या आठवणीतून जन्मले आहे. येगर यांनी स्वतः एकही प्रसिद्ध रचना केली नाही. त्यांनी केवळ पत्रे लिहिली.